शीव आणि वेस

मराठी मुलखातील जुन्या गावाला दोन मर्यादा असत. एक शीव आणि दुसरी वेस. शीव म्हणजे गावाच्या जमिनीची हद्द. एखादा ओढा, एखादा बांध, फार तर शेंदूर फासलेला एखादा दगड, एवढ्यावरून ती ओळखली जाई. तिच्यावर तट नसे आणि पहाराही नसे. वेस म्हणजे गावात शिरण्याचा दरवाजा. तेथे वेसकर बसत असे. गावात कोण आले, कोण गेले, कोणाच्या घरी पाहुणा उतरला, कोणाच्या गोठ्यात नवे जनावर बांधले गेले, हे सारे त्याला ठाऊक असे. रात्री वेस लावणे आणि पहाटे उघडणे हे त्याचे काम. गावाचे रक्षण शिवेवरच्या दगडाने होत नसे. ते वेशीतल्या माणसाच्या डोळ्यांनी होत असे.

राष्ट्राच्या सीमेचा प्रश्न गावाच्या सीमेहून फार मोठा आणि फार गुंतागुंतीचा आहे, यात शंका नाही. तरीही त्याच्या मुळाशी हेच दोन शब्द आहेत. शीव किती घट्ट बांधता येईल, आणि बांधल्यानंतर वेशीवर काय करावयाचे? सीमेवर तारेचे कुंपण घाला म्हणजे प्रश्न मिटला, असे अनेकांना वाटते. कुंपण घातल्यानंतर प्रश्नाचे स्वरूप कसे बदलते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

याचे एक जुने उदाहरण बंगळूर शहरात सापडते. केंपेगौडांनी १५३७ च्या सुमारास वसवलेल्या या शहराच्या आसपास चार टेहळणीचे मनोरे आहेत. शहराची वाढ येथवरच होईल, अशी खूण म्हणून ते बांधले गेले, असे परंपरा सांगते. आज त्यांपैकी एक लालबागेतील खडकावर, भर वस्तीत उभा आहे. शीव मनोऱ्यांना मागे टाकून कितीतरी पुढे निघून गेली. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि पुढे ते म्हैसूरकरांकडे गेले. हैदर आणि टिपू यांच्या काळी किल्ल्याशेजारच्या पेठेभोवती तट होता, खंदक होता, आणि या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात दाट काटेरी झाडी मुद्दाम वाढवलेली होती. माणूस तर राहोच, जनावरही त्या काट्यांतून पार होणे कठीण होते.

१७९१ साली लॉर्ड कॉर्नवॉलिस याने बंगळूरवर स्वारी केली. त्या युद्धात मराठे इंग्रजांच्या बाजूला होते. परशुरामभाऊ पटवर्धन त्या वेळी धारवाडच्या वेढ्यात गुंतलेले होते, आणि हरिपंत फडक्यांसह त्यांची कॉर्नवॉलिसशी गाठ पडली ती मागाहून, मे महिन्याच्या अखेरीस. त्याआधीच, ७ मार्च रोजी, इंग्रजांनी पेठ घेतली. ती कशी घेतली, हे येथे महत्त्वाचे आहे. त्यांनी काटेरी झाडी तोडीत बसण्याचा उद्योग केला नाही. त्यांनी तोफा वेशीसमोर आणल्या आणि दरवाजा फोडला. काट्यांनी आपले काम चोख केले होते. शत्रूला त्यांनी दाराकडे वळवले. पेठेचे भवितव्य मग दारात ठरले.

आजचे बंगळूर कोणत्याही परराष्ट्राच्या भूसीमेपासून शेकडो कोस दूर आहे. तथापि देशाच्या सीमेशी या शहराचा संबंध दृढ आहे. येलहंका येथे सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. सीमेवरील हालचाल टिपणाऱ्या रडारची आखणी या शहरातील संरक्षण संशोधन संस्थेत झाली, आणि १९५४ साली जालहळ्ळीत सुरू झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्याने ते तयार केले. त्या यंत्राकडे वळण्यापूर्वी ज्या सीमेवर ते ठेवावयाचे, ती सीमा कशी आहे, हे पाहिले पाहिजे.

भारताच्या भूसीमेची लांबी १५,१०६ किलोमीटरहून थोडी अधिक आहे. त्यात बांगलादेशाशी ४,०९६, चीनशी ३,४८८, पाकिस्तानशी ३,३२३, नेपाळशी १,७५१, म्यानमारशी १,६४३, भूतानशी ६९९ आणि अफगाणिस्तानशी १०६ किलोमीटर अशी विभागणी सरकारी दप्तरात आहे. यांपैकी नेपाळची सीमा १९५० च्या तहानुसार मोकळी आहे. दोन्ही देशांचे नागरिक परवान्यावाचून ये-जा करतात. चीनच्या सीमेवर हिमालयच उभा आहे. कुंपणाचा खरा प्रश्न पाकिस्तान आणि बांगलादेश या दोन सीमांवर उपस्थित झाला आणि अलीकडे तो म्यानमारच्या सीमेवरही आला आहे.

पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्याशी असलेल्या सीमा निसर्गाने आखलेल्या नाहीत. सर सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ रोजी हिंदुस्थानात आले. त्यापूर्वी त्यांनी हा देश पाहिलेलाही नव्हता. त्यांच्या निवाड्याची रेषा १७ ऑगस्ट रोजी, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस उलटल्यावर, प्रसिद्ध झाली. अवघ्या पाच-सहा आठवड्यांत नकाशावर ओढलेली ही रेषा शेतांमधून, तळ्यांमधून, बाजारांमधून आणि काही ठिकाणी तर घरांच्या अंगणांमधून गेली. रेषेच्या दोन्ही बाजूंना एकच भाषा बोलणारी, एकच भात पिकवणारी आणि एकमेकांशी सोयरीक असलेली माणसे राहत होती. अशा सीमेला सच्छिद्र म्हणतात. पण ती छिद्रे कोणी नंतर पाडलेली नाहीत. तेथे वाटा आधीपासून होत्या. रेषा मागाहून आली.

प्रारंभीची अठरा वर्षे या सीमांवर त्या त्या राज्याचे सशस्त्र पोलीस पहारा देत. एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या रणातील सरदार चौकीवर पाकिस्तानी सैन्याने हल्ला केला, तेव्हा या व्यवस्थेची उणीव उघड झाली. १ डिसेंबर १९६५ रोजी सीमा सुरक्षा दल स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख खुस्रो फरामर्झ रुस्तमजी हे नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले आणि मध्य प्रांत-वऱ्हाडच्या पोलीस सेवेत घडलेले अधिकारी होते. आज या दलात अडीच लाखांहून अधिक मनुष्यबळ आहे. नेपाळ-भूतान सीमेवर सशस्त्र सीमा बल, चीन सीमेवर भारत-तिबेट सीमा पोलीस आणि म्यानमार सीमेवर आसाम रायफल्स अशी आजची वाटणी आहे.

अडीच लाख ही संख्या ऐकण्यास मोठी वाटते. परंतु थोडा हिशेब करून पाहावा. एकट्या बांगलादेश सीमेवर दर दोनशे मीटरला एक पहारेकरी उभा करावयाचा ठरवले, तर सुमारे साडेवीस हजार माणसे एका वेळी लागतील. पहारा चोवीस तासांचा, म्हणून तीन पाळ्या. म्हणजे साडेएकसष्ट हजार. त्यात रजा, आजारपण, प्रशिक्षण, स्वयंपाक, वाहने, बिनतारी यंत्रे यांसाठी लागणारी माणसे मिळवली की आकडा कुठल्या कुठे जातो. आणि इतके करूनही धुक्याच्या रात्री दोनशे मीटरवरचा मनुष्य दिसत नाही. म्हणून माणसाच्या जोडीला कुंपण आले. पंजाब आणि राजस्थानच्या सीमेवर ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. बांगलादेश सीमेवरील कुंपणाला १९८६ साली मंजुरी मिळाली.

हे कुंपण म्हणजे शेताला घालतात तशी दोन-तीन तारांची ओळ नव्हे. लोखंडी खांबांच्या दोन रांगा, त्यांवर काटेरी तारेचे आडवे-उभे जाळे, आणि दोन रांगांच्या मधल्या जागेत धारदार तारेची वेटोळी अशी त्याची रचना असते. उंची पुरुषभराहून बरीच अधिक. त्याच्या कडेने गस्तीचा रस्ता, पुष्कळ ठिकाणी रात्रभर जळणारे प्रखर दिवे, आणि ठरावीक अंतरावर चौक्या. दोन चौक्यांमधील अंतर सुमारे साडेतीन किलोमीटर असावे, अशी अपेक्षा धरलेली आहे.

असे कुंपण घातले म्हणजे कोणी पार होत नाही काय? होतो. हातात चांगला चिमटा असलेला माणूस काही मिनिटांत तार कापू शकतो. कुंपणाचा उपयोग नेमका त्या काही मिनिटांचा आहे. जी सीमा माणूस एका उडीत ओलांडला असता, ती ओलांडण्यास त्याला थांबावे लागते, वाकावे लागते, आवाज करावा लागतो. तेवढ्या अवधीत गस्तीची तुकडी तेथे पोहोचली, तर कुंपणाने आपले काम केले. ती पोहोचली नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी कापलेली तार तेवढी सापडते. ओसाड घराला लावलेले कुलूप चोराचा थोडा वेळ घेते, एवढेच. कुंपण वेळ देते. त्या वेळाचे काय करावयाचे, हे माणसावर अवलंबून असते.

शिवाय, कुंपण सर्वत्र घालताही येत नाही. २०२५ च्या प्रारंभी संसदेत दिलेल्या माहितीनुसार बांगलादेश सीमेवर सुमारे ३,२३२ किलोमीटर कुंपण पूर्ण झाले होते आणि ८६४ किलोमीटर बाकी होते. त्या बाकीपैकी सुमारे १७४ किलोमीटर लांबी अशी होती, की जेथे प्रत्यक्ष कुंपण उभारणेच शक्य नाही. आसामातील धुबडी जिल्ह्यात ब्रह्मपुत्रा बांगलादेशात शिरते. तेथे तिचे पात्र कित्येक किलोमीटर रुंद आहे, त्यात असंख्य प्रवाह आहेत, आणि मधली वाळूची बेटे दर पावसाळ्यात जागा बदलतात. या वर्षी ज्या बेटावर खांब रोवावेत, ते पुढल्या वर्षी पाण्याखाली असते. कच्छकडे सर क्रीकच्या दलदलीत भरतीचे पाणी दिवसातून दोनदा सारे झाकून टाकते. काश्मीरच्या नियंत्रण रेषेवरील कुंपण २००४ च्या सुमारास पुरे झाले. ते हिवाळ्यात बर्फाच्या भाराखाली मोडते आणि उन्हाळ्यात त्याची पुन्हा डागडुजी करावी लागते. जेथे कुंपण भक्कम आहे, तेथे त्याच्या खालून आणि वरून वाट काढली जाते. जम्मूच्या सांबा भागात २०१२ पासून कुंपणाखालून खोदलेली भुयारे सापडत आली आहेत. पंजाबात २०१९ पासून वैमानिक नसलेल्या छोट्या विमानांतून, म्हणजे ड्रोनमधून, शस्त्रे आणि अमली पदार्थ टाकले जाऊ लागले. तारेला उंची असते, आकाशाला नसते.

बंगळूरात आखलेल्या यंत्राचे काम येथे सुरू होते. तेथील संशोधकांनी सिद्ध केलेले लहान पल्ल्याचे टेहळणी रडार दोन-तीन जवान पाठीवरून वाहून नेऊ शकतात. त्याचे तत्त्व समजण्यास अवघड नाही. आगगाडी शिटी वाजवीत जवळ येते तेव्हा शिटीचा स्वर चढा लागतो, आणि ती पुढे निघून गेली की तो उतरतो. हालणाऱ्या वस्तूवरून परत येणाऱ्या लहरींतही असाच फरक पडतो. रडार अंधारात अदृश्य लहरी सोडते. झाड, खडक, भिंत यांवरून त्या जशाच्या तशा परततात. चालत्या माणसावरून परतताना मात्र त्या किंचित बदललेल्या असतात. तो बदल यंत्र ओळखते. एकटा चालणारा मनुष्य सुमारे दोन किलोमीटरवरून आणि माणसांचा जथा त्याहूनही दुरून त्याच्या लक्षात येतो. धुके आणि काळोख यांची त्याला अडचण नाही.

परंतु या गुणातच त्याची मर्यादाही आहे. जे हालते तेच त्याला दिसते. निश्चल पडून राहिलेला मनुष्य त्याच्या दृष्टीने दगडासारखाच. टेकाडाच्या आड, नाल्याच्या खोलगट भागात त्याची नजर पोहोचत नाही. उलट चुकलेली गाय, रानडुक्कर किंवा पहाटे बहिर्दिशेला निघालेला शेतकरी यांची हालचालही ते तत्परतेने कळवते. एका रात्री अशा दहा सूचना आल्या आणि दहाही खोट्या निघाल्या, तर अकराव्या सूचनेच्या वेळी जवान किती तातडीने धावेल? यंत्राचा पडदा पाहणारा मनुष्य झोपाळू असेल, तर तीक्ष्ण नजरेचे यंत्रही आंधळे ठरते.

धुबडीच्या ६१ किलोमीटर नदीपट्ट्यात मार्च २०१९ मध्ये अशीच एक योजना कार्यान्वित झाली. तेथे तारेऐवजी संवेदक यंत्रे, दिवसा-रात्री पाहणारे कॅमेरे आणि सूचना पोहोचवणाऱ्या लहरींचे जाळे आहे. त्याआधी सप्टेंबर २०१८ मध्ये जम्मूच्या सीमेवर दोन छोट्या टप्प्यांत तसा प्रयोग झाला होता. अशा व्यवस्थेला लोकभाषेत अदृश्य कुंपण म्हणतात. तथापि, ती कोणाला अडवीत नाही. ती हाक देते. त्या हाकेसरशी नाव सोडून धुक्यात शिरणारा शेवटी जवानच असतो.

यावर कोणी म्हणेल, की माणसे वाढवा, यंत्रे वाढवा, म्हणजे झाले. हा उपाय या देशात पूर्वी एकदा फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला गेला आहे. इंग्रजांनी मिठावर जबर कर बसवला. जेथे मीठ स्वस्त होते त्या भागातून ते चोरून येऊ नये, म्हणून त्यांनी देशाच्या मधोमध जकातीची एक रेषा आखली. १८६९ च्या सुमारास ती सिंधू नदीपासून निघून, खानदेशाला लागून असलेल्या बऱ्हाणपूरवरून वळून, पूर्वेस महानदीच्या प्रदेशापर्यंत सुमारे २,३०० मैल पसरली होती. तिच्यावर जवळजवळ बारा हजार माणसे नेमली होती. लांबच लांब टप्प्यांवर बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग यांची दहा-बारा फूट उंचीची जिवंत कुंपणे वाढवण्यात आली. जेथे झाड रुजत नसे तेथे वाळलेल्या काट्यांचा ढीग रचीत किंवा दगडांची भिंत घालीत. मैला-मैलावर चौकी. काँग्रेसच्या स्थापनेत पुढे ज्यांनी पुढाकार घेतला, ते ॲलन ह्यूम या खात्याचे काही काळ आयुक्त होते आणि हे कुंपण दाट करण्यात त्यांचा मोठा हात होता.

इतके होऊनही मीठ येतच राहिले. काट्यांवरून पोती फेकली जात. कधी उंटांच्या तांड्याने कुंपण फोडले जाई. आणि सर्वांत सोपा मार्ग चौकीतून जात असे. तुटपुंज्या पगारावर, घरापासून दूर, शेजारच्या गावांच्या रोषात दिवस काढणाऱ्या शिपायाच्या हातावर चार पैसे ठेवले, की पोते निघून जाई. कुंपणच शेत खाऊ लागले तर राखण कोणी करावयाची, ही आपली म्हण त्या रेषेवर अक्षरशः खरी ठरली. अखेर १८७९ मध्ये ही रेषा मोडीत काढली गेली. ती अधिक उंच कुंपण घातल्याने अनावश्यक झाली नाही. राजपुतान्यातील सांभर सरोवरासारखी मिठाची ठिकाणे सरकारने आपल्या हाती घेतली आणि निरनिराळ्या प्रांतांतील कराचा फरक नाहीसा केला. भावातला फरक गेला, तसे चोरटे मीठही गेले. गरिबाला मिठासाठी मोजावी लागणारी किंमत मात्र पुढेही जाचकच राहिली, ही गोष्ट वेगळी.

मराठी माणसाला अशा सीमेची आठवण आणखी जवळची आहे. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा त्याला परराष्ट्राची भूसीमा होती. सावंतवाडीच्या खाली, बांद्याच्या पलीकडे पोर्तुगीज अंमल सुरू होत असे. अलीकडे दारूबंदी आणि आयात मालावर भारी जकात. पलीकडे विलायती दारू आणि घड्याळे स्वस्त. रानवाटांनी माल येत असे. १९५५ मध्ये रेल्वे बंद झाली, पहारे कडक झाले; तरी एकाच देवाच्या जत्रेला जाणाऱ्या आणि एकमेकांच्या घरी लेकी दिलेल्या गावांच्या वाटा पुरत्या बुजल्या नाहीत. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ती सीमाच उरली नाही.

दोन स्वतंत्र राष्ट्रांमधील सीमा अशी पुसून टाकता येत नाही, आणि ती पुसावी असे कोणी म्हणणारही नाही. शस्त्रे, अमली पदार्थ आणि घातपाती लोक यांना अडवणे हे राज्याचे कर्तव्यच आहे. परंतु सीमेवरून जाणारा प्रत्येक जण घातपाती नसतो. कोणी मजुरीसाठी जातो, कोणी आजारी आईला भेटण्यास, कोणी गुरे विकण्यास. कुंपणाला हा भेद कळत नाही. तो भेद करण्याची जागा म्हणजे वेस.

हा भेद न केल्यास काय होते, हे ७ जानेवारी २०११ च्या पहाटे दिसले. कूचबिहारच्या सीमेवर बांगलादेशात परत निघालेली पंधरा वर्षांची एक मुलगी कुंपण ओलांडताना तारेत अडकली आणि गोळी लागून मरण पावली. तिचा देह कित्येक तास त्या तारेवर लटकत होता. त्या छायाचित्राने दोन्ही देशांत लोकांची मने हेलावली. त्याच वर्षी या सीमेवर जीव न घेणारी शस्त्रे वापरण्यावर भर देण्यात आला. त्याच वर्षी, २३ जुलै रोजी, मेघालयातील कालाईचर येथे पहिला सीमा बाजार भरला. दोन्हीकडच्या खेड्यांतील माणसे ठरलेल्या दिवशी कुंपणातल्या एका जागी येऊन भाजीपाला, फळे, कापड यांची उघड देवघेव करू लागली. जे पूर्वी अंधारात चालत असे त्यातले थोडे उजेडात आले. चोरट्या व्यापाराची एक फांदी कुंपणाने नव्हे, दाराने तोडली.

दाराचा प्रश्न आपल्या स्वतःच्या नागरिकांनाही भेडसावतो. १९७५ च्या भारत-बांगलादेश कराराप्रमाणे सीमारेषेपासून १५० यार्डांच्या आत संरक्षणाचे बांधकाम करावयाचे नाही असे ठरले. म्हणून कुंपण बहुतेक ठिकाणी रेषेच्या आत, भारताच्या भूमीवर उभे आहे. त्यामुळे कित्येकांची शेते आणि काहींची घरेही कुंपणापलीकडे राहिली. पंजाबातही हजारो एकर जमीन तारेच्या पुढे आहे. त्या शेतकऱ्याने ओळखपत्र दाखवून, ठरलेल्या वेळी दार उघडले की आत जावयाचे आणि दार लागण्यापूर्वी परत यावयाचे. उंच वाढणारी पिके घ्यावयाची नाहीत, कारण त्यांत माणूस लपतो. रात्री पाणी सोडता येत नाही. कुंपणापलीकडच्या वस्तीत मध्यरात्री एखाद्या बाईला कळा सुरू झाल्या, तर दाराची किल्ली ज्या जवानाजवळ आहे, त्याच्या समजूतदारपणावर दोन जीव अवलंबून असतात. तो जवानही सहसा दूरच्या प्रांतातला असतो. त्याला तेथली भाषा येत नाही, आणि समोरचा माणूस शेतकरी की तस्कर, हे त्याला क्षणार्धात ठरवावयाचे असते. येलहंक्यात किंवा अन्यत्र त्याला शिकवण्याच्या गोष्टींत बंदूक आणि रडार आहेतच. पण माणूस ओळखणे ही विद्या त्यांहून कठीण आहे. आणि प्रलोभनाचे काय? नोव्हेंबर २०२० मध्ये गुरांच्या तस्करीला साहाय्य केल्याच्या आरोपावरून खुद्द दलाच्याच एका अधिकाऱ्याला केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली. दीडशे वर्षांपूर्वीच्या मिठाच्या चौकीतला प्रश्न अजून जुना झालेला नाही.

जे प्रश्न कुंपणाने सुटत नाहीत, त्यांतले काही समजुतीने सुटले, हेही नमूद केले पाहिजे. भारताची १११ आणि बांगलादेशाची ५१ गावठाणे एकमेकांच्या भूमीत बेटांसारखी अडकून पडली होती. तेथील माणसांना ना शाळा, ना दवाखाना, ना मतदान. चहूबाजूंनी परक्या देशाने वेढलेल्या या तुकड्यांना कुंपण घालणार कोण आणि कसे? १९७४ साली झालेल्या कराराला ४१ वर्षांनी, ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री, मूर्त स्वरूप आले. गावठाणांची अदलाबदल झाली आणि कोणत्या देशात राहावयाचे, हे तेथील माणसांना निवडता आले. सीमा सरळ झाली आणि राखण्यासही सोपी झाली.

म्यानमारच्या सीमेवर आज हाच प्रश्न नव्याने उभा आहे. नागालँडमधील लोंगवा गावात आंगचे, म्हणजे गावप्रमुखाचे, घरच सीमारेषेवर आहे. रेषा त्या घरातून जाते. नागा, मिझो, कुकी या समाजांचे नातेवाईक दोन्हीकडे आहेत. ते ध्यानात घेऊन तेथे सीमेपासून सोळा किलोमीटरपर्यंत मोकळेपणी ये-जा करण्याची मुभा होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने या संपूर्ण १,६४३ किलोमीटर सीमेवर कुंपण घालण्याचा निर्णय जाहीर केला. पुढे त्याच वर्षी मुभेचे अंतर दहा किलोमीटरवर आणून परवान्याची अट घालण्यात आली. पलीकडे यादवी आहे, बंडखोर आहेत, अमली पदार्थांचा व्यापार आहे. म्हणून सरकारची चिंता निराधार नाही. आपल्याच भाऊबंदांपासून तुटण्याची तेथील लोकांची भीतीही खोटी नाही. त्या डोंगरांत कुंपण उभे राहील तेव्हा त्याला किती दारे असतील, ती केव्हा उघडतील आणि त्यांच्यापाशी कोण बसेल, यावर त्या कुंपणाचे यश ठरेल.

शिवेवरच्या माणसाला आपण आपला मानले, तर तो राष्ट्राचा पहिला पहारेकरी होतो. नवखा मनुष्य गावात आला, नाव रात्री अवेळी सुटली, शेतात ताजी माती उकरलेली दिसली, हे रडारच्या आधी त्याला कळते. पण त्यालाच रोज संशयित म्हणून उभे केले, तर तो पाहतो आणि गप्प राहतो. अशा मौनावर कोणत्याही कारखान्यात यंत्र तयार होत नाही.

येथे पुन्हा त्या जुन्या वेसकराची आठवण होते. परंपरेने हे काम महार समाजाकडे असे. गाव त्याच्या डोळ्यांवर विसंबून निर्धास्त झोपत असे, आणि त्याच गावाने त्याला वेशीच्या बाहेर ठेवले होते. ज्याने राखले त्यालाच परके मानण्याचा तो अन्याय फार काळ चालला, आणि त्याची फळे समाजाला भोगावी लागली. राष्ट्राच्या शिवेवर, तारेच्या पलीकडे नांगर धरणारे हजारो भारतीय आज दार उघडण्याची वाट पाहत उभे असतात. त्यांना वेशीबाहेरचे न मानणे, एवढी एक शिकवण जरी त्या जुन्या चुकीपासून घेतली, तरी सीमा पुष्कळ सुरक्षित होईल.